बापदेवाच्या तळ्यातली बदकं

आमच्या तळवडी गावाला बापदेवाचं तळं होतं. होतं म्हणते, कारण आता तिथे मुंबईच्या कुणा शेटचा बंगला आहे आणि त्याच्या अंगणात निळ्या लाद्यांचा पोहायचा हौद आहे. परवा नातसून मला मुद्दाम तो दाखवायला घेऊन गेली. पाणी इतकं नितळ की तळाची लादी न् लादी दिसते. मी म्हटलं, "छान आहे हो." पण खरं सांगायचं तर मला त्यात काही राम वाटला नाही. ना कमळाचं पान, ना बेडूक, ना काठावर धुण्याची थाप. आमचं तळं हिरवंगार होतं, शेवाळलेलं होतं, आणि पुढे कळलं तसं जिवावर उठलेलंही होतं. तरी मला आठवण येते ती त्याचीच. हसायचं त्याने खुशाल हसावं.

मी केसर. माहेर किहीमचं, मराठी सातवी पास. त्या काळी आगऱ्याच्या घरात सातवी पास सून म्हणजे नवलच. माझी सासू नीराबाई आल्यागेल्याला माझी ओळख करून द्यायची ती अशी: "शिकल्याली हाय, पन भाकरी बरी करते." त्यातलं 'पन' मला फार झोंबायचं. मीही काही गरीब गाय नव्हते. आमचं दोघींचं दिवसातून एकदा तरी वाजायचं आणि संध्याकाळी एकाच चुलीपुढे बसून आम्ही एकाच परातीत मासळी साफ करायचो.

नीराबाईला गावात मान होता तो उन्हाळीच्या औषधामुळे. उन्हाळी लागणं म्हणजे लघवीला जळजळणं. फार जोराची लागली तर लघवी लाल होते. आमच्याकडचे बाप्ये शेतात आणि मिठागरात भर उन्हात राबायचे, त्यामुळे उन्हाळी लागणारच, असं सगळे धरून चालायचे. मग तो माणूस मान खाली घालून आमच्या ओटीवर यायचा. नीराबाई त्याची जीभ बघायची, सब्जाचं पाणी द्यायची, शहाळं सांगायची, आणि शेवटी मुख्य इलाज सांगायची: दुपारी ऊन डोक्यावर आलं की बापदेवाच्या तळ्यात कंबरभर पाण्यात उभं राहायचं, तोंड देवळाकडे, आणि ऊन कलेपर्यंत हलायचं नाही. पाण्याने आग ओढून घेतली की बरं वाटायचं. वाटायचं हे खरंच होतं, थंड पाण्यात कुणाला बरं वाटत नाही? बैलाला उष्णता झाली तरी हाच इलाज. माणूस एका घाटावर, बैल दुसऱ्या घाटावर, पाणी तेच.

त्या पाण्यात कमळाच्या पानांखाली चपट्या, गोल गोल गोगलगाई चिकटलेल्या असायच्या. पोरं त्यांना बापदेवाच्या चकल्या म्हणायची. चकलीला हात लावायचा नाही, घरी आणली तर घरात दुखणं येतं, असा दंडक होता. बदकांना तर तळ्याकडे फिरकायचीही बंदी. मुसलमान मोहल्ल्यातल्या गुलबानूकडे दहाबारा बदकं होती. तिचा नवरा सिराजुद्दीन गलबतावरून इमारती लाकडाचा व्यापार करायचा, महिनोन् महिने घरी नसायचा, आणि ही बाई बदकांशी बोलत दिवस काढायची. बदकं एकदा का तळ्याच्या वासाने निघाली की नीराबाई काठी घेऊन धावायची. "तुजी बदकां देवाच्या पान्यात हगतात गो!" असं ती मोहल्ल्यापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायची. गुलबानू ओढणी सावरत पळत यायची, बदकं गोळा करायची आणि जाता जाता म्हणायची, "म्हशी हगतात त्ये चालतं वाटतं?" मला मनातून हसू यायचं, पण सासूच्या बाजूने उभी असायची म्हणून ते पदराआड लपवायची.

माझे सासरे मी पाहिले नाहीत. माझ्या लग्नाआधी ते गेले. उन्हाळी पोटात गेली, एवढंच घरात बोललं जायचं. पितृपक्षात त्यांचं पान नीराबाई घराच्या कौलांवर ठेवायची नाही, तळ्याच्या घाटावर ठेवायची, कारण शेवटच्या दिवसांत ते तिथेच जास्त असायचे. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं त्यांच्या आवडीचं. आणि दर वर्षी कावळा शिवायचा नाही. बाकीच्या घरांची पानं क्षणात फस्त व्हायची, आमच्या पानावर ऊन चढायचं. नीराबाई हात जोडून विचारायची, "काय ऱ्हायलं वो तुमचं? पोराचं लगीन केलं, सून आनली, अजून काय ऱ्हायलं?" शेवटी ती पान तसंच टाकून घरी यायची.

आमचे हे, म्हणजे शिवदास, त्यांचा जीव बैलात. पाखऱ्या नाव त्याचं. चैत्रात जत्रेच्या वेळी ओहोटीच्या ओल्या वाळूवर छकड्यांच्या शर्यती लागायच्या. पाखऱ्या सुटला की मागे फक्त वाळू उडताना दिसायची. ह्यांचा फेटा सुटायचा, तोंडाने काय काय बडबडायचे, आणि मी बायकांच्या घोळक्यात उभी राहून लाजेने आणि अभिमानाने लाल व्हायचे. त्या बैलाला ते रोज दुपारी तळ्यात पोहवायचे. एका हाताने शेपटी धरून स्वतःही पोहायचे. पाण्यातून बाहेर आले की दोघांच्या अंगाला सारखीच खाज सुटायची. एक भिंतीला अंग घासायचा आणि दुसरा माझ्याकडून पाठ खाजवून घ्यायचा. मला ती दुपार अजून दिसते. ओटीवर बसलेले हे, केसांतून पाणी ठिपकतंय, आणि म्हणतायत, "जरा वर, जरा डावीकडं, हां, थितंच."

ज्या वर्षीचं मी सांगते आहे त्या वर्षी पाखऱ्या घोरायला लागला. झोपेत नव्हे, उभ्या उभ्या. श्वास घेताना नाकातून घर्र घर्र आवाज यायचा, नाकपुडीतून पू यायचा, कधी रक्ताची रेघ. आणि हेही वाळत चालले होते. रात्रीतून कितीदा उठायचे. परसात गेले की कण्हायचे आणि आत येताना कण्हलोच नाही असं तोंड करायचे. धोतर मीच धुवायची, मला लाल डाग दिसायचे. नीराबाईने दोघांना तळ्यात उभं करायला सुरुवात केली. आधी पोहायला जायचे, आता उभे राहायला जायचे, म्हणजे पाण्यातला वेळ दुप्पट झाला.

चैत्रातल्या शर्यतीत पाखऱ्या अर्ध्यावर थांबला. जीभ बाहेर, नाक घरघरतंय, पाय फाकलेले. लोक हसले. ह्यांनी चाबूक फेकला, खाली उतरून बैलाच्या मानेला मिठी मारली आणि सगळ्यांदेखत रडले. दुसऱ्या दिवशी स्वतः अलिबागला जाऊन ढोरांच्या डॉक्टरला घेऊन आले. बैलासाठी हो! स्वतःसाठी वैद्याचं दार चढायचं म्हटलं की ह्यांना काम आठवायचं.

डॉक्टर दत्तात्रेय प्रधान म्हणजे काडीपैलवान माणूस, डोक्यावर सोला हॅट, बोलणं हळू. त्यांनी पाखऱ्याच्या नाकात बोट घातलं, शेण बघितलं, तळं कुठे आहे ते विचारलं. मी दाराआड उभी होते. माझ्या जिभेला हाड नव्हतंच. मी आतूनच म्हटलं, "डॉक्टर, बैलासारखंच ह्यांनाही रक्त जातं. लघवीतून."

ह्यांचे कान लाल झाले. नीराबाईने माझ्याकडे अशी नजर टाकली की दुधाचं दही व्हावं. डॉक्टर मात्र हसले नाहीत. "मी माणसांचा डॉक्टर नाही," ते म्हणाले, "पण बघायला काही हरकत नाही. एका स्वच्छ बाटलीत द्या."

दोन दिवसांनी ते पेटीतून सूक्ष्मदर्शक घेऊन आले आणि आमच्या ओटीवर उजेडात मांडून बसले. सातवी पास म्हणून मला आधी बघायला मिळालं, याचा मला आजही आनंद आहे. बैलाच्या काचेवर किड्यांची अंडी होती, लांबट, दोन्हीकडे निमुळती, भाताच्या दाण्यासारखी. दुसऱ्या काचेवर ह्यांची. ती आखूड, एका टोकाला काटा. पण त्यांच्यातच काही अशी होती की धड लांबट नाहीत, धड आखूड नाहीत, आणि काटा असून नसल्यासारखा. डॉक्टर पुन्हा पुन्हा डोळा लावत होते. मग त्यांनी चष्मा पुसला.

"ही ना माणसाची, ना ढोराची," ते म्हणाले. "माणसातला किडा आणि बैलातला किडा, दोघांचा कुठेतरी संकर झालेला दिसतोय. मी शपथेवर सांगू शकत नाही. असं कुठे वाचलेलंही नाही."

"म्हंजे खेचर," हे म्हणाले. गाढव आणि घोडीचं होतं तसं, एवढं त्यांना लगेच कळलं.

"तसंच काहीसं. अंडी पाण्यात पडतात, त्या चपट्या गोगलगाईंच्या पोटात वाढतात. ऊन चढलं की तिच्यातून बारीक पिल्लं बाहेर येतात, डोळ्याला दिसत नाहीत. पाण्यात उभा असेल त्याच्या कातडीतून आत शिरतात. माणूस असो, बैल असो. नुसता बैल बरा करून भागणार नाही, नुसता माणूसही नाही. दोघांनीही त्या पाण्यात पाय घालायचा नाही. दुपारी तर मुळीच नाही."

दुपारी! मी नीराबाईकडे पाहिलं. ती खांबाला टेकून बसली होती.

"आनि त्या गोगलगाई?" ह्यांनी विचारलं.

"वेचायला हव्यात. नाहीतर बदकं सोडा. बदकं त्या आवडीने खातात."

तेवढ्याने नीराबाई उठली. "देवाच्या पान्यात किडं? देवाच्या पान्यात बदकां? तू ढोरांचा डाक्टर हायस बाबा, ढोरांत बोल." आणि ती परसात निघून गेली. डॉक्टरांना मी चहा दिला. ते तो बशीत ओतून प्यायले.

ह्यांना अलिबागला सुया सुरू झाल्या. पाखऱ्याला घरी येऊन प्रधान डॉक्टर द्यायचे. औषध दोघांचं एकाच जातीचं, याची ह्यांना फार गंमत वाटायची, गोठ्यात जाऊन बैलाला सांगायचे, "तुला दुखलं का रं? मला बी." पण ते औषध भयंकर होतं. सुई झाली की ओकाऱ्या व्हायच्या, घाम सुटायचा, छाती धडधडायची. हाडं वर आली. मी रडायची ती विहिरीवर जाऊन, कारण घरात रडलं तर सासू म्हणणार, सुयांनी मारलास माझ्या पोराला. तिने तसं म्हटलंच एकदा. "सुयांची उष्नता झायलीय. त्याचा अंग भट्टी झायलाय. थंडावा पायजे." मी म्हटलं, तळ्यात नाही. तिने भाकरी थापताना जरा जोरानेच थापली.

एक दिवस मी दुपारची भाजीपाल्याची टोपली घेऊन घरी आले तर बाज रिकामी. गोठाही रिकामा. मी टोपली तिथेच टाकली आणि धावले.

घाटाच्या वरच्या पायरीवर तिघं होती. नीराबाईने एका हाताने ह्यांचं कोपर धरलेलं, दुसऱ्या हातात पाखऱ्याची दोरी आणि काखेत काठी. हे झोपेत चालावं तसे चालत होते. पाणी उन्हात चमकत होतं आणि कमळाच्या पानांखाली त्या चकल्या गुपचूप चिकटलेल्या होत्या. मी तिघांच्या पुढून खाली उतरले, शेवटच्या कोरड्या पायरीवर आडवी उभी राहिले.

"आये, थांबा."

"बाजूला हो गो. माजा पोर हाय त्यो."

"माझाही नवरा आहे. मी नाही हलणार."

तिने काठी उगारली. मारली असती तर मी खाल्ली असती. हे मध्येच म्हणाले, "आये, मी दमलो गो. मना न्हाय जायचं पान्यात."

नीराबाईची काठी वरच राहिली. तिने ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मला वाटतं, तिथे तिला दुसरंच कुणीतरी दिसलं. मला टोचायचं नव्हतं. मला त्या क्षणी जे सुचलं ते मी बोलले. "आये, मामंजींना काय झालं होतं?"

"उन्हाळी पोटात गेली त्यांची."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करनार? रोज हितं आनायची. मी सोता हात धरून आनायची. ते नको म्हनायचे. नीरे, दमलो गो, म्हनायचे. मी म्हनायची, आजचा दिस उभे ऱ्हावा, आग कमी व्हईल. आजचा दिस, आजचा दिस करत..." मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "ते पान्यात उभे ऱ्हायचे नि मी वर सावलीत बसायची, केसर."

बैल घरघरत होता. नीराबाईने ह्यांचं कोपर सोडलं, दोरी माझ्या हातात दिली आणि घाटावर मटकन खाली बसली. "दोगांना घरी ने," एवढंच म्हणाली.

मला वाटलं ती मागून येईल. ती आली नाही. ती तडक मोहल्ल्यात गेली. पुढचं मला गुलबानूने सांगितलं, आणि पुढे कितीदा तरी सांगितलं, कारण तिलाही ते सांगायला आवडायचं. "दारात उभी ऱ्हायली. मी म्हटलं, या अल्ला, कुनाच्या भातात शिरली माझी बदकं? तर म्हनते, बदकां दे. मी म्हटलं, कापायला? मान हलवली. म्हनली, तळ्यात सोडायला. मग तिथंच उंबऱ्यावर बसली नि रडली. मी पानी दिलं. पिली." माझ्या सासूने मोहल्ल्यातलं पाणी पिण्याची ती पहिली वेळ.

गुरव काळूराम आडवा आला. देव कोपेल म्हणाला. चार बाप्ये त्याच्या मागे. नीराबाई म्हणाली, "कोपूदे माज्यावर. माजं नि त्याचं बोलनं बाकीच हाय." ज्या बाईने उभ्या गावाला त्या तळ्यात उतरवलं तीच सांगते म्हटल्यावर कुणी फार बोललं नाही. गुलबानूने तोंडाने कसलासा आवाज केला आणि बदकं एकामागून एक घाट उतरली. पाण्यात पडताच माना खाली, शेपट्या वर. कमळाची पानं हलायला लागली. गुलबानू आणि नीराबाई काठावर शेजारी शेजारी बसून बघत होत्या.

तेव्हापासून नीराबाई रोज दुपारी काठी घेऊन घाटावर बसायची. आधी ती बदकांना हाकलायची, आता माणसांना. जुन्या सवयीने कुणी उन्हाळीचा इलाज विचारत आला तर त्याला तिथूनच अलिबागला पिटाळायची. "मना काय कलत न्हाय, जा," म्हणायची. ढोरांना पाणी विहिरीवरून ओढून पाजायचं ठरलं. आमचे हात सोलपटले, पण पाजलं. ह्यांच्या सुया संपल्या, अंगावर हळूहळू मांस आलं, धोतरावरचे डाग गेले. मी पहिल्यांदा कोरं स्वच्छ धोतर पिळलं तेव्हा विहिरीवर बसून पुन्हा रडले, पण त्या रडण्यात सुख होतं. पाखऱ्याची घरघर कमी झाली, शर्यतीत मात्र तो पुन्हा कधी धावला नाही. हे त्याला नुसतेच ओल्या वाळूवर फिरवून आणायचे. प्रधान डॉक्टरांनी त्या काचा मुंबईला पाठवल्या. नक्की काही सांगता येत नाही, एवढंच तिकडून कळलं. पुढे त्यांची बदली झाली.

भाद्रपद आला. नीराबाईने पहाटेपासून वडे तळले, खीर केली, भोपळा चिरताना मला हात लावू दिला नाही. घाटावर केळीच्या पानावर सगळं वाढलं आणि आम्ही मागे सरकून उभ्या राहिलो. वर पिंपळावर कावळे होते. एकही खाली येईना. नीराबाई हात जोडून उभी होती. दर वर्षी ती विचारायची, या वर्षी तिने काही विचारलं नाही. म्हणाली, "चुकलं वो माजं. तुम्ही दमलो म्हनत व्हतात नि मी ऐकलं न्हाय. आता या पान्यात मी कुनालाच उभं करनार न्हाय. पोराला वाचवलं तुमच्या सुनेनं. जेवा आता."

कावळे जागचे हलले नाहीत. पाण्यातून गुलबानूचं एक पांढरं बदक बाहेर आलं. अंग झटकलं, डुलत डुलत दोन पायऱ्या चढलं आणि सरळ पानापाशी येऊन खिरीत चोच घातली.

मी दचकून पुढे झाले. पितरांचं पान! मी काठी उचलली तर नीराबाईने माझा हात धरला. बदकाने खीर संपवली, मग वड्याकडे वळलं. ती बघत राहिली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"हाकलू नको गो," ती म्हणाली. "किती वर्सांनी जेवले."